जुन्या मोझेकवर लॅमिनेटच्या पट्ट्या स्वतः बसवायच्या आहेत : आधी काय तपासावे?

कारेलीबागकर

नमस्कार. आमचे घर बडोद्यात कारेलीबागेत आहे. वडिलांनी १९७९ साली बांधलेले हे दुमजली घर असून खाली-वर सगळीकडे त्या काळची मोझेकची लादी आहे. आई वरच्या खोलीत राहते. हिवाळ्यात पहाटे उठल्यावर त्या लादीचा गारठा तिच्या पायांना सोसत नाही, म्हणून तिच्या खोलीत (११ फूट रुंद, १४ फूट लांब) आणि जमल्यास खालच्या दिवाणखान्यातही लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांची फरशी करावी, असा विचार आहे. जुनी लादी उखडायची नाही, हे मात्र ठरले आहे, कारण राडारोडा अरुंद जिन्यातून उतरवण्याची आणि महिनाभर धूळ खाण्याची कोणाचीच तयारी नाही.

दुकानदाराने दोन प्रकार दाखवले. एक ८ मिमी जाडीचे लॅमिनेट, त्याखाली २ मिमी फोम. दुसरे ५ मिमीचे एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक यांपासून केलेल्या पट्ट्या), ज्याच्या पाठीला फोम आधीच चिकटवलेला आहे. दोन्ही ‘फ्लोटिंग’, म्हणजे न चिकटवता, न ठोकता, पट्ट्या एकमेकींत अडकवून नुसत्या अंथरायच्या. मला करवत, रंधा आणि ड्रिल वापरता येते, त्यामुळे काम स्वतःच करावे असे वाटते. तरी खबरदारी म्हणून एका मिस्त्रींना दाखवले, तर त्यांनी सांगितले की भिंतीशी फट ठेवण्याची गरज नाही, पहिली आणि शेवटची ओळ फेविकॉलने लादीला चिकटवून टाकावी, आणि स्कर्टिंगचे खिळे पट्टीतून खाली मारावेत म्हणजे फरशी हलणार नाही. मी शंका काढली तेव्हा ते म्हणाले, “स्कर्टिंग आवी जशे, पछी कशुं नहि देखाय.” दिसणार नाही हे खरे, पण माझी शंका दिसण्याबद्दल नव्हती.

माझ्या अडचणी अशा आहेत. लादी काही ठिकाणी पायाला उंच-सखल लागते. आईच्या खोलीत भिंतीत पक्के केलेले कपाट आहे. दाराच्या खाली जेमतेम ६ मिमी जागा आहे. आणि खाली दिवाणखान्यात छताला टांगलेला झोपाळा आहे, ज्यावर दिवसभर कोणी ना कोणी बसलेले असते. यांतल्या कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

निवृत्त_स्थापत्य

आपल्या मिस्त्रींनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. त्या का टाळाव्यात हे एकदा ध्यानात आले की आपले निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

या पट्ट्या एकमेकींच्या खाचेत अडकल्या की खोलीभर पसरलेला एकच सलग तक्ता तयार होतो, आणि तो तक्ता फोमवर केवळ टेकलेला असतो. लॅमिनेटचा गाभा एचडीएफचा, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला असतो. लाकडाचा स्वभाव त्याने सोडलेला नसतो. हवेतला दमटपणा वाढला की तो फुगतो आणि हवा कोरडी झाली की आक्रसतो. बडोद्यातली मे महिन्याची झळ आणि ऑगस्टमधली चिकचिक यांत केवढे अंतर असते, हे येथे राहणाऱ्याला सांगायला नको. जुन्या घरांतली सागवानी दारे पावसाळ्यात चौकटीत अडतात, तेच या तक्त्याचे होते. फरक इतकाच की दार अडले तर त्यावर रंधा फिरवता येतो. तक्ता दोन्हीकडच्या भिंतींना भिडला तर त्याला वर उचलले जाण्यावाचून जागाच उरत नाही. खोलीच्या मध्यभागी फुगवटा येतो, त्यावर पाय दिला की ‘टक’ असा आवाज होतो, आणि मग माल हलका निघाला असे म्हणत लोक दुकानदाराशी भांडतात. बहुतेक वेळा माल चांगला असतो. त्याला कोठेतरी बांधून ठेवलेले असते.

भिंतीशी किती फट ठेवावी याचा ढोबळ नियम असा आहे की खोलीच्या दर मीटरमागे दीड मिमी, आणि तीही प्रत्येक बाजूला. आपली खोली १४ फूट, म्हणजे सुमारे सव्वाचार मीटर लांब आहे. हिशेबाने साडेसहा मिमी येतात. तथापि ८ मिमीच्या खाली कोणी जात नाही, आणि मी आपल्याला १० मिमी ठेवण्यास सांगेन. काम उन्हाळ्यात करणार असाल तर दहामध्ये काटकसर मुळीच नको, कारण कोरड्या हवेत आक्रसलेल्या पट्ट्या पावसाळ्यात फुगणारच आहेत. हीच फट चौकटीपाशी, खांबापाशी, पाइपभोवती आणि आपल्या पक्क्या कपाटासमोरही हवी. पट्ट्या कपाटाच्या पायाखाली सारू नका; कपाटाच्या पायाशी १० मिमी अलीकडे थांबा आणि वरून बारीक पट्टी कपाटालाच ठोका. स्कर्टिंगचेही तसेच, खिळा भिंतीत जावा, पट्टीत कधीही नाही.

फेविकॉलचा आग्रह कोठून येतो, हेही सांगतो. लॅमिनेटची फरशी १९७७ साली स्वीडनमध्ये निघाली, आणि पुढची वीसेक वर्षे तिचे सांधे गोंद लावूनच जोडले जात. खटक्याने अडकणाऱ्या पट्ट्या १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. पण गोंदाच्या काळातही गोंद पट्टी आणि पट्टी यांच्यामध्ये असे, पट्टी आणि जमीन यांच्यामध्ये नसे. आपल्याकडच्या सुतारांचा हात प्लायवर सनमायका चिकटवण्यावर बसलेला आहे, त्यामुळे मोकळी ठेवलेली कोणतीही वस्तू त्यांना अर्धवट वाटते.

आता लादीविषयी. दोन मीटर लांबीत ३ मिमी, म्हणजे गवंड्याच्या भाषेत एक सूत, यापेक्षा अधिक उंच-सखलपणा चालत नाही. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी : उतार चालतो, खड्डा चालत नाही. सगळी खोली एका बाजूला थोडी उतरती असेल तर तक्ता तसाच तिरपा टेकून राहील. पण मध्येच खोलगट जागा असेल तर तेथे पट्टी अधांतरी राहते, प्रत्येक पावलाला खाली-वर होते आणि वर्षा-दोन वर्षांत तिची जीभ, म्हणजे शेजारच्या पट्टीच्या खाचेत अडकणारी कड, तुटते. फोम जाड घेतला की खड्डे भरून निघतील, असा सल्ला दुकानात मिळेल. तो मानू नये. तीन मिमीहून जाड आणि मऊ फोमवर सांधे उलट लवकर निखळतात. त्याच कारणाने एसपीसीच्या पाठीला फोम असेल तर त्याखाली आणखी फोम घालायचा नसतो.

तपासण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचा सहा-सात फुटी सरळ चौकोनी पाइप आणा, तो लादीवर सर्व दिशांनी आडवा ठेवा, आणि त्याच्याखाली ३ मिमीच्या ड्रिलचे पाते सरकते का ते पाहा. जेथे सरकेल तेथे खडूने खूण करा. उंचवटे यंत्राने घासून काढावेत आणि खड्डे सेल्फ लेव्हलिंगच्या, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट होणाऱ्या सिमेंटने भरावेत. मात्र जुन्या मोझेकवर मेणाचे पॉलिश असते, ते खरवडल्याशिवाय आणि प्रायमर लावल्याशिवाय कोणतेही सिमेंट तेथे धरणार नाही. मोझेकचे सांधे अगदी बारीक असतात, ते भरण्याची आवश्यकता नाही. हातोडीच्या दांड्याने लाद्या वाजवून पाहा; पोकळ वाजणारी लादी आधी काढून पक्की बसवा.

राहिला ओलाव्याचा प्रश्न, आणि येथे आपल्या दोन खोल्या एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. वरची खोली स्लॅबवर आहे. तिच्याखाली माती नाही. खालच्या दिवाणखान्याखाली भराव आणि त्याखाली आपली काळी माती आहे, आणि त्या काळातल्या घरांत ओल अडवणारा थर बहुधा जोत्यावर भिंतींपुरताच घातलेला असे. प्लॅस्टिकचा दोन-अडीच फुटी चौकोनी तुकडा लादीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा आणि तीन दिवस तसाच राहू द्या. खाली दव साचलेले किंवा लादी काळपट पडलेली दिसली, तर तेथे लॅमिनेटचा विचार सोडून द्यावा. एकाच जागी नव्हे, बाथरूमच्या भिंतीलगत आणि बाहेरच्या भिंतीलगतही हा तुकडा लावा. वरच्या खोलीतही फोमच्या खाली २०० मायक्रॉनचा प्लॅस्टिक कागद अंथरावा, त्याचे पट्टे एकमेकांवर २० सेंमी चढवावेत आणि टेपने जोडावेत.

समा_तळमजला

काकांनी ओलाव्याचे सांगितले ते मी भोगलेले आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे तळमजल्यावर दिवाणखान्यात लॅमिनेट आणि जेवणाच्या खोलीत एसपीसी होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा घरात गुडघाभर पाणी दोन दिवस उभे होते. पाणी ओसरल्यावर लॅमिनेटच्या पट्ट्यांच्या कडा उन्हात वाळवलेल्या पापडासारख्या वर वळल्या होत्या, आणि त्या पुन्हा कधीच खाली बसल्या नाहीत, कारण एचडीएफ एकदा भिजून फुगला की वाळल्यावर मूळ जाडीवर येत नाही. सगळे लॅमिनेट पोत्यांत भरून टाकून द्यावे लागले. एसपीसीच्या पट्ट्यांना मात्र काहीही झाले नाही. तो प्रकार चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा असल्यामुळे पाणी पीत नाही.

पण एसपीसी ‘वॉटरप्रूफ’ आहे, या शब्दाचा अर्थ आम्ही चुकीचा समजलो होतो. पट्टी पाणी पीत नाही, पण तिच्याखाली गेलेले पाणी बाहेरही येऊ देत नाही. आम्ही वरून सगळे पुसून घेतले आणि सुटलो असे समजलो. दहा दिवसांनी जेवणाच्या खोलीत कुबट वास येऊ लागला तेव्हा एका बाजूचे स्कर्टिंग काढून शेवटची ओळ उचलली, तर खाली पुराचा गाळ जसाच्या तसा ओला होता. मग प्रत्येक पट्टीच्या पाठीवर खडूने आकडा घालून सगळी फरशी उकलली, पट्ट्या धुऊन गच्चीच्या जिन्यात सावलीत उभ्या केल्या, खालची लादी वाळण्यास दीड महिना दिला आणि त्याच क्रमाने पुन्हा बसवली. सात-आठ पट्ट्यांच्या जिभा उकलताना तुटल्या. शिल्लक ठेवलेल्या खोक्यातल्या पट्ट्या तेथे कामी आल्या. चिकटवलेली असती तर हे काहीच शक्य झाले नसते. आपले घर पुराच्या पाण्याच्या टप्प्यात येते की नाही, हे आपल्यालाच ठाऊक असेल. पण तळमजल्यासाठी हा विचार दुकानात कोणीही करून देणार नाही.

पूर सोडून रोजचे सांगायचे, तर लॅमिनेटची खरी परीक्षा बादली आणि पोछा घेते. आमच्या मावशी फिनाइलच्या पाण्यात बुडवलेले फडके अर्धवट पिळून फरशीवर सोडत असत आणि ते पाणी सांध्यांत जिरत असे. फडके इतके पिळायचे, की पुसलेली जागा मिनिटाभरात कोरडी दिसली पाहिजे, हे समजावून सांगण्यात मला चार महिने लागले. त्यांच्या मते ओले दिसत नाही ते पुसलेलेच नाही, आणि मोझेकपुरते ते खरेच होते.

आणखी एक. लॅमिनेट हे उधईचे, म्हणजे वाळवीचे, आवडते खाद्य आहे. बसवण्यापूर्वी स्कर्टिंगच्या मागे, चौकटींच्या पायाशी आणि कपाटाच्या तळाशी मातीच्या बारीक नळ्या दिसतात का ते पाहून घ्या. दिसल्यास आधी त्यांचा बंदोबस्त करावा. नंतर ती फरशीच्या आतून फिरते आणि वरच्या चकचकीत थराला हातही लावत नाही, त्यामुळे पाय आत जाईपर्यंत कळत नाही.

दांडियाबाजार_जुनेघर

विषयाला थोडा फाटा फोडतो, क्षमा असावी. १९७९ ची मोझेक लादी आज पैसे देऊनही तशी मिळत नाही. तळमजल्यावर ती झाकण्याऐवजी यंत्राने घासून पॉलिश करून घेतली तर ती पुन्हा नव्यासारखी दिसते, पाण्याला घाबरत नाही आणि मे महिन्यात थंडावा देते. गारठ्याची तक्रार वर्षातून दोन महिन्यांची असते. तिच्यासाठी वरच्या खोलीत लॅमिनेट अवश्य करावे, पण खाली उरलेले दहा महिने आपण ती गार लादी गमावून बसाल. आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी सगळे घर चटईसुद्धा न घालता लादीवर आडवे होते.

सुभानपुरा_सुतारकाम

मी व्यवसायाने सुतार नाही, पण गेल्या सहा वर्षांत स्वतःच्या आणि दोन नातेवाइकांच्या घरी अशा पाच खोल्या केल्या आहेत. प्रत्यक्ष बसवण्याविषयी लिहितो.

खोकी घरी आल्यावर ज्या खोलीत काम करायचे त्याच खोलीत, न उघडता, आडवी ठेवून दोन दिवस जाऊ द्या. ती भिंतीला उभी टेकवून ठेवली तर पट्ट्यांना बाक येतो. माल घेताना क्षेत्रफळावर दहा टक्के वाढवून घ्या. आपल्या खोलीचे १५४ चौरस फूट होतात, म्हणजे सुमारे १७० चौरस फूट घ्यावे लागेल. घरच्या वापरासाठी एसी-३ दर्जाचे लॅमिनेट पुरेसे आहे. हा आकडा पृष्ठभागाची झीज सोसण्याची ताकद सांगतो. त्याचा पाण्याशी संबंध नाही, जरी विक्रेते तसे भासवत असले तरी.

करवत हातात घेण्यापूर्वी ओळींचा हिशेब कागदावर करा. आपली खोली ११ फूट रुंद आहे, म्हणजे ३३५३ मिमी. दोन्हीकडची १० मिमी फट वजा केली की ३३३३ राहतात. पट्टी १९५ मिमी रुंदीची असेल, तर १७ पूर्ण ओळींचे ३३१५ होतात आणि शेवटच्या भिंतीशी अवघी १८ मिमीची चिंधी उरते, जी धड अडकतही नाही आणि दिसायलाही वाईट दिसते. शेवटची ओळ ५० मिमीहून अरुंद नसावी. म्हणून १६ ओळी पूर्ण घ्यायच्या आणि पहिली व शेवटची अशा दोन्ही ओळी साधारण १०६ मिमी रुंदीच्या कापून घ्यायच्या. हा हिशेब न केल्यामुळे माझ्या पहिल्या खोलीत दाराच्या अगदी समोर दोन बोटे रुंदीची ओळ आली आहे, आणि येणारा प्रत्येक पाहुणा नेमका तिकडेच पाहतो असे मला वाटते. आपल्या पट्टीची रुंदी वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच.

पहिली ओळ सरळ असणे हे निम्मे काम आहे. जुन्या घराची भिंत कधीही सरळ नसते, त्यामुळे भिंतीला धरून जाऊ नका. दोरी ताणून रेघ मारा, ओळ त्या रेघेला लावा आणि भिंतीच्या पोटाप्रमाणे पट्टीची मागची कड कापा. भिंत आणि पट्टी यांच्यामध्ये १० मिमीच्या लाकडी पाचरी दर दोन फुटांवर ठेवा, आणि काम संपल्यावर त्या आठवणीने काढून घ्या. ही गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण स्कर्टिंगच्या मागे पाचरी विसरलेली एक खोली मी स्वतः उघडली आहे, आणि तेथे फुगवटा त्या पाचरींनीच आणला होता.

एका ओळीतला आडवा सांधा शेजारच्या ओळीतल्या सांध्यापासून निदान ३० सेंमी दूर असावा. ओळीच्या शेवटी उरलेला तुकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला वापरला की हे बहुधा आपोआप साधते. जिगसॉ वापरणार असाल तर पट्टी उलटी ठेवून कापा, कारण त्याचे पाते वर येताना कापते आणि सरळ ठेवलेल्या पट्टीच्या नक्षीचे टवके उडवते. हातकरवत असेल तर नक्षी वर ठेवा. पट्टी बसवताना हातोडी थेट तिच्या कडेवर मारू नये, मध्ये लाकडी ठोकळा धरावा आणि हलक्या हाताने दोन-तीनदा ठोकावे. पट्टी नीट अडकते तेव्हा हाताला एक हलका खटका जाणवतो आणि सांध्यावरून नख फिरवले तर कोठेही अडत नाही. नख अडले तर पुढे जाऊ नका. ती पट्टी काढा, खाचेत अडकलेला भुसा ब्रशने झाडा आणि पुन्हा बसवा. तिसऱ्या ओळीत राहिलेली केसाएवढी फट दहाव्या ओळीपर्यंत काडीएवढी होते.

दाराचे गणित सोपे आहे. ८ मिमी पट्टी आणि २ मिमी फोम मिळून १० मिमी उंची वाढणार आणि आपल्याकडे जागा ६ मिमी आहे. दार बिजागऱ्यांतून काढून खालून ७-८ मिमी तासावे लागेल. चौकटीसाठी पट्टीचा एक तुकडा फोमसह चौकटीला लागून जमिनीवर ठेवा, करवत त्यावर आडवी टेकवा आणि चौकटीचा पाय तेवढ्या उंचीवर कापून पट्टी त्याच्या पोटात सारा. पट्टीला चौकटीच्या आकाराची खाच पाडण्याच्या नादात सगळेच फसतात. उंबऱ्यावर दोन खोल्यांच्या मधली धातूची पट्टी जुन्या लादीत स्क्रूने बसवा. तिचा स्क्रू नव्या पट्टीतून जाता कामा नये.

आईंच्या खोलीतला पलंग कोठेही ठेवा, त्याने काही होत नाही. मात्र कपड्यांनी भरलेले पोलादी कपाट एका भिंतीशी आणि पुस्तकांचे तसेच जड कपाट समोरच्या भिंतीशी, अशी मांडणी करू नका. दोन्ही टोके दाबली गेली की तक्ता पुन्हा बांधल्यासारखाच होतो.

झोपाळ्याविषयी. टांगलेल्या झोपाळ्याचे वजन छतावर जाते, त्यामुळे सांध्यांना भीती नाही. झीज होते ती अंगठ्याची. बसणारा माणूस रोज त्याच दोन जागी पायाने रेटा देतो आणि पायाखाली अंगणातली वाळू असते. माझ्या मावशीकडे दोन वर्षांत त्या दोन जागांची चमक गेली आणि बशीएवढे फिकट डाग पडले. तेथे सुती सतरंजी घाला. एसपीसी केल्यास रबरी पाठीची पायपुसणी टाळा, रबराने त्यावर पिवळट डाग पडतात आणि ते जात नाहीत.

कारेलीबागकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे दोन्ही तपासण्या केल्या.

वरच्या खोलीत पाइप फिरवून ड्रिलचे पाते सारून पाहिले. खोलीभर कोठेही ते सरकले नाही, फक्त दारापासून तीन फुटांवर ताटाएवढ्या जागेत सहज आत गेले. तेथल्या दोन लाद्या पोकळही वाजतात. खाली दिवाणखान्यात प्लॅस्टिकचे तीन तुकडे लावले होते. मधला कोरडा निघाला, झोपाळ्याजवळचाही कोरडा निघाला, पण बाथरूमच्या भिंतीलगतच्या तुकड्याखाली थेंब साचले होते आणि लादीचा रंग गडद झाला होता. तेथे स्कर्टिंगवर पांढरा क्षारही दिसतो, जो आजवर आम्ही चुना समजत होतो.

तेव्हा खाली सध्या काहीही करायचे नाही, पॉलिशचाच विचार करावा, असे ठरले आहे. आईला ते ऐकून बरेच वाटले. झोपाळ्याखालची लादी झाकली जाणार म्हणून ती मनातून नाराज होती, हे आता कळले. एकच शंका : खालची ओल थांबवून नंतर एसपीसी घालता येईल का?

निवृत्त_स्थापत्य

येईल, पण आधी पाणी कोठून येते ते शोधा. एकाच भिंतीलगत ओल आहे आणि खोलीच्या मध्यभागी नाही, याचा अर्थ ती मातीतून वर येत नसून बाथरूमच्या पाइपातून किंवा तेथल्या लादीच्या सांध्यांतून पाझरत असण्याची शक्यता अधिक आहे. प्लंबरला बोलवा, बाथरूमचे सांधे भरून घ्या आणि त्यानंतर एक पावसाळा जाऊ देऊन तोच प्लॅस्टिकचा तुकडा त्याच जागी पुन्हा लावा. दिवाणखान्याला पश्चिमेचे मोठे दार किंवा खिडकी असेल तर हेही ध्यानात ठेवा, की एसपीसी दमट हवेने फुगत नसले तरी उन्हाने तापून वाढते. तेथे पडदा हवा आणि भिंतीशी फटही हवीच.

वरच्या खोलीतल्या त्या दोन लाद्या काढून बसवताना नव्या सिमेंटला वाळण्यास पूर्ण वेळ द्या. आठ दिवसांनी वरून कोरडे दिसले म्हणून फोम अंथरू नका, महिनाभर थांबा.

कारेलीबागकर

वरची खोली काल पूर्ण झाली. मी आणि मेहुण्यांनी मिळून दोन दिवस लावले. पहिला पूर्ण दिवस पहिल्या तीन ओळींतच गेला, कारण खिडकीकडची भिंत मध्यभागी पाऊण इंच पुढे आलेली निघाली आणि दोरी न ताणता केलेली पहिली ओळ सगळी उकलावी लागली. उरलेल्या ओळी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसल्या. पट्टी १९५ मिमीचीच मिळाल्याने ओळींचा हिशेब जसाच्या तसा जुळला आणि दोन्ही भिंतींशी सारख्या रुंदीची ओळ आली. पाचरी मोजून चौतीस लावल्या होत्या, मोजून चौतीस काढल्या.

दोन गोष्टी राहिल्या आहेत. चौकटीच्या डाव्या पायाशी करवत थोडी वर गेल्यामुळे पट्टीच्या वर तिळाएवढी आडवी फट दिसते. आणि कपाटासमोर चालताना एका जागी हलका पोकळ आवाज येतो, पण पट्टी दबताना दिसत नाही.

सुभानपुरा_सुतारकाम

चौकटीच्या फटीत पट्टीच्या रंगाचे मेण भरा. दुकानात कांड्या मिळतात. पोटीन नको, कारण ते कडक होऊन पट्टी आणि चौकट यांना जोडून टाकेल.

आवाज येतो त्या जागी हाताचा तळवा ठेवून दुसऱ्याला बाजूने चालायला सांगा. तळव्याला पट्टी खाली-वर होताना जाणवली नाही, तर तो केवळ फोमवरच्या पोकळीचा आवाज आहे आणि पहिल्या काही आठवड्यांत पट्ट्या टेकल्यावर पुष्कळदा कमी होतो. जाणवली, तर कपाटाच्या बाजूने तीन ओळी उचलाव्या लागतील. त्या बाजूची बारीक पट्टी अजून ठोकली नसल्यास तूर्त ठोकू नका.